ठेकेदारी कामगाराने युनियनमध्ये जावे का?

पत्राचा आशय असा : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक चटईच्या एका कारखान्यात सहा वर्षांपासून ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या तरुण वाचकाने लिहिले आहे. शेजारच्या लूमवरील जुन्या कायम कामगाराला त्याच्या दुपटीहून अधिक पगार मिळतो. पाळी बारा तासांची असते आणि वरच्या चार तासांचे पैसे साध्याच दराने मिळतात. काही सहकाऱ्यांनी युनियन काढायचे ठरवले आहे आणि सुरुवात म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकावी असा त्यांचा बेत आहे. वडील खान्देशातल्या एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी उरलेली वर्षे मिळेल त्या मजुरीवर काढली. ते म्हणतात, "युनियनना नांदे लागू नको, हाई सगळं मी देखेल शे." शिवाय गेल्या दिवाळीच्या सुमारास आईचे ऑपरेशन झाले तेव्हा मालकांनी स्वतः पैसे दिले होते, त्यामुळे त्यांच्यासमोर मागणी घेऊन उभे राहणे कृतघ्नपणाचे वाटते. मोटारसायकलचा हप्ता चालू आहे, मुलगी लहान आहे. मी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भाऊ,

तुमचे पत्र आणि सोबत जोडलेल्या दोन पगारपत्रकांच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. युनियनमध्ये जा, पण एकाच दिवशी रजा टाकण्याचा बेत तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ताबडतोब सोडून द्या. या दोन्ही गोष्टी मी का म्हणतो ते सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या वडिलांची भीती खोटी नाही आणि तुमचा संकोचही मला समजतो.

आधी ती दोन पगारपत्रके पाहू. दोन्हींवर तुमचे नाव तेच आहे, कारखाना तोच आहे, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांकही तोच आहे. मात्र ठेकेदाराचे नाव बदललेले आहे आणि दुसऱ्या पत्रकावर रुजू झाल्याची तारीख अगदी अलीकडची पडली आहे. म्हणजे ज्या लूमवर तुम्ही सहा वर्षे उभे आहात, त्याच लूमवर कागदोपत्री तुम्ही परवा-तेरवा आलेले नवखे मजूर आहात. ही कारकुनाची चूक असेल असे मला वाटत नाही. सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क उभा राहतो, आणि तो उभा राहू नये म्हणून ठेकेदाराचे नाव बदलत राहण्याची, मध्ये काही दिवसांचा ब्रेक दाखवण्याची पद्धत औद्योगिक वसाहतींमध्ये वर्षानुवर्षे रुळलेली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. पहिल्या पत्रकात कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) पाऊण टक्का कपात दिसते. दुसऱ्या पत्रकात तो रकानाच कोरा आहे. एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला ही योजना लागू होते, त्यात मालकाच्या बाजूने सव्वातीन टक्के भरले जातात, आणि कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचारही तिच्यात बसतात. तुमच्या आईचे ऑपरेशन नव्या ठेकेदाराच्या काळात झाले. तो रकाना भरलेला असता, तर त्या उपचाराचा खर्च योजनेतून होण्याचा तुमचा हक्क होता, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरण्याची वेळ आली नसती. मालकांनी पैसे दिले हे त्यांचे चांगुलपणाचेच कृत्य आहे आणि त्याबद्दल तुम्ही ऋणी असणे योग्य आहे. पण जे हक्काने मिळायला हवे होते ते न मिळाल्यामुळेच त्या उपकाराची गरज पडली, हेही तितकेच खरे आहे. उपकाराचे खाते वेगळे आणि मजुरीचे खाते वेगळे असते. एकाच्या जमेतून दुसऱ्याची थकबाकी वळती होत नाही. मालकांशी बोलताना उपकाराचा उल्लेख तुम्ही आदराने करा, आणि मग मजुरीचे बोला.

आता जादा तासांचा हिशेब करू. तुम्ही लिहिता की आठ तासांची हजेरी ४८० रुपये धरली जाते. म्हणजे तासाला ६० रुपये झाले. कायद्याप्रमाणे जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १२०. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये हे होते आणि नव्या वेतन संहितेतही आहे. तुम्ही रोज चार तास जादा, महिन्याला सव्वीस दिवस काम करता. हे १०४ तास झाले. त्यावर तासामागे ६० रुपये कमी मिळतात, म्हणजे महिन्याला ६,२४० रुपये. तुमच्या पत्रात मोटारसायकलच्या हप्त्याची जी चिंता आहे, तिच्यासमोर हा आकडा ठेवून पाहा. शिवाय ४८० हा मूळ दर तरी किमान वेतनाइतका आहे का, हेही तपासून घ्या, कारण महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो आणि ठेकेदाराच्या वहीत तो बदल बहुधा उतरत नाही.

एका लूमवरचा हा हिशेब मी मुद्दाम इतका लांबवला, कारण विषमता वाढते आहे असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा ती कुठे तरी मुंबईच्या उंच इमारतींत घडत असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती अशाच १०४ तासांतून साठत जाते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातील सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. याच अभ्यासात वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातील वाटा सर्वांत कमी, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, आला होता तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. संघटित कारखान्यांच्या सरकारी वार्षिक पाहणीतही हेच चित्र उलट बाजूने दिसते : त्याच सुमारास कारखान्यांच्या निव्वळ मूल्यवर्धनात, म्हणजे कच्चा माल आणि झीज वजा जाता उत्पादनातून उरलेल्या मोलात, कामगारांच्या मजुरीचा वाटा सुमारे तीस टक्के होता, तो २००० नंतरच्या दशकात दहा टक्क्यांच्या जवळपास घसरला आणि नंतर थोडासाच सावरला. ठेकेदारी कामगारांचे प्रमाण मात्र या शतकाच्या आरंभी पाचात एक होते, ते आता पाचात दोन झाले आहे. या सगळ्याला एकटी युनियनची पीछेहाट कारणीभूत आहे असे मी म्हणणार नाही. यंत्रे बदलली, बाजार खुले झाले, शिक्षणाचा भाव वाढला, करांची रचना बदलली. पण कारखान्यात तयार झालेल्या पैशाची वाटणी ठरताना कामगाराच्या बाजूने बोलणारे कुणी उरले नाही, तर ती वाटणी कुणाकडे झुकेल हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

आपल्या खान्देशातच याचे एक उदाहरण आहे आणि ते तुमच्या वडिलांना नक्की ठाऊक असेल. अमळनेरला एकीकडे प्रताप मिल होती, आणि त्याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली, तीच पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. त्या काळी गावातल्या ज्या लोकांनी या कंपनीचे थोडे शेअर घेतले आणि ते विकले नाहीत, त्यांच्या घरांत पुढे लाखो-कोट्यवधी रुपये आले. अमळनेरची ही गोष्ट देशभर सांगितली जाते आणि ती खरी आहे. मला त्या लोकांचा हेवा वाटत नाही. पण त्याच गावात, त्याच दशकांत, गिरणीत साच्यावर उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्याकडे शेअर नव्हते, फक्त मजुरी होती, आणि गिरणी थांबली त्या दिवशी मजुरीही थांबली. मालकीचा तुकडा ज्याच्या हातात होता तो वाढत्या संपत्तीबरोबर वर गेला. ज्याच्या हातात फक्त दोन हात होते त्याला वर नेणारे एकच साधन होते, ते म्हणजे सगळ्यांनी मिळून दर ठरवणे. ते साधन मोडले की उरतो तो ठेकेदाराने पुढे केलेला कागद आणि "पटत असेल तर सही कर" हे वाक्य.

आता वडिलांविषयी. त्यांच्या बोलण्याला उलट उत्तर देऊ नका. त्यांनी जे भोगले ते तुम्ही आणि मी भोगलेले नाही. पण युनियनमुळे गिरण्या बुडाल्या हा जो समज त्या पिढीत घट्ट बसला आहे, तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा त्यांच्याशी शांतपणे बोलण्यासारखा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो पगारवाढीसाठी होता तसाच, आपला प्रतिनिधी आपण निवडू देण्यासाठीही होता, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ज्या एका युनियनला बोलणी करण्याचा हक्क दिला होता तिच्यावर बहुसंख्य कामगारांचा विश्वास उरला नव्हता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला, आणि त्यात हजारो घरे उद्ध्वस्त झाली. त्याची दहशत आपल्याकडच्या गिरण्यांमध्येही पोहोचली. पण खान्देशातील गिरण्यांची यंत्रे त्याआधीच जुनी झाली होती, धुळे, मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर तेच कापड स्वस्तात निघत होते, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने मोठ्या गिरण्यांचे उरलेसुरले संरक्षण काढून घेतले, आणि पुढे गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरली. ज्या गिरण्यांमध्ये वर्षानुवर्षे एकही संप झाला नाही त्यासुद्धा बंद पडल्या.

शिवाय वडिलांना एक प्रश्न विचारून पाहा : गिरणी चालू असताना त्यांना आठ तासांची पाळी, पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळत होता ना? तो कुणी स्वतःहून दिला नव्हता. साने गुरुजींनी अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे आपले मानले, कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी चाळींतून बैठका घेतल्या, १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी आणि शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता या मागण्या होत्या. भुसावळचे रेल्वे कामगार १९७४ च्या मे महिन्यातील देशव्यापी संपात उतरले. तो संप सरकारने मोडून काढला, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, तरीही रेल्वेतील संघटना टिकल्या आणि आज जळगाव जिल्ह्यात चांगली नोकरी कोणती असे विचारले तर लोक अजून रेल्वेचेच नाव घेतात. संघटनेचा हा वारसा आपल्या मातीतला आहे, तो बाहेरून आलेला नाही.

युनियनची पीछेहाट झाली त्यात युनियनचाही दोष आहे, हे मी लपवणार नाही, कारण तुम्ही नवी संघटना उभी करणार असाल तर तिचे पाय त्याच खड्ड्यात पडू नयेत. अनेक युनियन एका पुढाऱ्याच्या नावावर चालल्या; तो पुढारी एका पक्षाचा, आणि पक्ष बदलला की युनियनचा फलकही बदलायचा. वर्गणीचा हिशेब सभासदांपुढे ठेवला गेला नाही. करार करताना कायम कामगारांची पगारवाढ पदरात पाडून घेतली आणि त्याच करारात पुढची भरती ठेकेदारामार्फत होईल या कलमावर सही केली, असेही घडले. तुमच्या शेजारच्या लूमवरचे काका आज दुप्पट पगार घेतात, तो त्यांच्या काळच्या संघटनेचा परिणाम आहे; आणि त्याच लूमशेजारी तुम्ही अर्ध्या पगारावर उभे आहात, तो त्याच संघटनेच्या डोळेझाकीचा. त्यांच्यावर राग धरू नका, त्यांना सोबत घ्या. ते निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी कायम कामगार येणार नाही, तुमच्यासारखाच कुणी तरी येईल, हे त्यांनाही दिसत असते.

बाहेरच्या देशांतही हीच वाट दिसते. अमेरिकेत १९५०च्या दशकात सुमारे एक तृतीयांश कामगार युनियनचे सभासद होते, आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि खासगी क्षेत्रात त्याहूनही कमी. १९८१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमान नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढले, आणि तिथल्या मालकवर्गाने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. आपल्याकडे इतके मोठे पाऊल उचलण्याची गरजच पडत नाही. ठेकेदाराने "उद्यापासून येऊ नको" एवढे म्हटले की काम भागते.

म्हणूनच आता कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. तुमच्या सहकाऱ्यांचा एकाच दिवशी रजा टाकण्याचा जो बेत आहे, तो या संहितेत थेट अडकतो : निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तो संपच समजला जातो, आणि चौदा दिवस आधी नोटीस न देता केलेला संप बेकायदा ठरतो. त्यात दंडाची आणि एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ज्यांच्याजवळ अजून नोंदणीचा कागदही नाही अशा तरुणांनी पहिल्याच दिवशी मालकाच्या हातात हे हत्यार द्यावे, असे मला मुळीच वाटत नाही. संप हा कामगाराचा हक्क आहे, पण तो शेवटी वापरायचा असतो आणि तोही मागे माणसे भक्कम उभी असताना.

नोंदणी कठीण नाही. किमान सात सभासद लागतात, आणि त्या आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. अवघड भाग पुढे आहे. कारखान्यात एकाहून अधिक युनियन असताना मालकाशी एकट्याने बोलणी करण्याची मान्यता हवी असेल तर हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगार तुमच्या बाजूने असावे लागतात, आणि ठेकेदारी कामगाराचे नाव मूळ कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. म्हणजे कारखान्यात ज्यांची संख्या सर्वांत मोठी, त्यांचीच मोजणी होणार नाही अशी स्थिती उद्भवते. यावर माझा सल्ला असा की एकट्या तुमच्या कारखान्याची युनियन काढू नका. वसाहतीतील चटई, पाइप, ठिबकचे साहित्य, डाळ मिल अशा सगळ्या उद्योगांतील ठेकेदारी कामगारांची एकच संघटना करा, म्हणजे ठेकेदाराने तुम्हाला या गेटवरून त्या गेटवर हलवले तरी सभासदत्व तुटणार नाही. महाराष्ट्रात याला जुना आधार आहे. १९६९ चा माथाडी कायदा याच विचारातून आला होता. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून मंडळाने त्याची नोंद ठेवावी, व्यापाऱ्यांकडून लेव्ही घ्यावी आणि त्यातून त्याला निधी, बोनस आणि सुट्टीचे पैसे द्यावेत, अशी ती रचना आहे. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांनी ज्यांना कुणी कामगार मानायलाच तयार नव्हते अशा माणसांना संघटित करून दाखवले. रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या भरणारे मजूर आणि वसाहतीतील ठेकेदारी कामगार यांचे दुखणे याच जातीचे आहे.

आणि त्या संघटनेत बायकांना पहिल्या दिवसापासून पदाधिकारी करा. तुमच्या पत्रात डाळ मिलमध्ये निवडणीला जाणाऱ्या तुमच्या वहिनींचा ओझरता उल्लेख आहे. त्यांची मजुरी तुमच्याहून कमी असणार आणि त्यांना पगारपत्रकही मिळत नसणार. बैठका रात्री चहाच्या टपरीवर घेतल्या तर त्या येऊ शकणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी, कुणाच्या तरी घरी किंवा देवळाच्या सभामंडपात बसा.

तुमची खरी भीती कामावरून काढले जाण्याची आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे आणि युनियन केली म्हणून कामगाराला काढणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते, पण कायद्याने दिलेला न्याय मिळायला वर्षे लागतात आणि हप्ता दर महिन्याला येतो. म्हणून क्रम सांभाळा. आधी पुरावा गोळा करा : पगारपत्रके, हजेरी कार्डाचे फोटो, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, निधीचे पासबुक, गेटपास, जुन्या ठेकेदाराने दिलेले ओळखपत्र. ही कागदपत्रे कारखान्याच्या लॉकरमध्ये किंवा फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. झेरॉक्सचा एक संच वडिलांकडे द्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, पण त्यासाठी तुम्ही तिथेच काम करत होतात हे दाखवावे लागते. निधी आणि विम्याच्या बाबतीतही असेच आहे. नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत कारखान्याच्या आवारात त्याची चर्चा करू नका, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू नका, आणि पुढे होणाऱ्यांमध्ये ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे अशांची नावे आधी घाला. तुमचे नाव पहिल्या सातांत असलेच पाहिजे असे नाही, आणि यात कमीपणा मानू नका. दर महिन्याला प्रत्येकी थोडी रक्कम जमा करून तिचे बँक खाते दोघांच्या सहीने चालवा. कुणाला काढलेच तर पहिल्या दोन-तीन महिन्यांचे घरचे राशन त्यातून जाईल. कुणाला काढले तर दिवस वाया न घालवता सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात न्यायालयात करायच्या अशा तक्रारीसाठी नव्वद दिवसांची मुदत घातलेली होती. नव्या संहितेशी त्याची सांगड कशी लागते हे जळगावच्या कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडून आधीच समजून घ्या.

पुढारी बाहेरून आणायचा का, असेही तुम्ही विचारले आहे. सल्ला बाहेरून घ्या, अध्यक्ष तुमच्यातलाच असू द्या. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यातील कामगारांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये महिनाभराहून अधिक काळ संप केला, त्यांना साथ सिटू या जुन्या संघटनेची होती, आणि त्यांच्या युनियनची नोंदणी उच्च न्यायालयात जाऊन २०२५ च्या जानेवारीत झाली. अनुभवी संघटनेचा हात असल्याशिवाय एवढी लढाई कोवळ्या माणसांना झेपत नाही. पण करारावर सही करण्याआधी त्याचा मसुदा सगळ्या सभासदांना मराठीत वाचून दाखवला जाईल आणि हात वर करून मंजूर होईल, हे कलम तुमच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. वर्षाचा हिशेब छापून वाटला जाईल, हे दुसरे.

मालकांना भेटायची वेळ येईल तेव्हा तिघे-चौघे जा, त्यात शेजारच्या लूमवरचे ते जुने काका असू द्या, आणि बोलणे शांत ठेवा. पहिल्या मागणीपत्रात कायम करण्याची मागणी घालू नका. ती न्याय्य आहे, पण तिच्यावर पहिल्याच दिवशी बोलणी तुटतील. तीनच गोष्टी लिहा : जादा तासांना दुप्पट दर, विमा योजनेतील नोंदणी आणि ठेकेदार बदलला तरी नोकरीची मूळ तारीख पगारपत्रकावर कायम राहणे. तिन्ही गोष्टी आजच्या कायद्यात आधीच आहेत किंवा कायद्याला धरून आहेत, त्यामुळे मालकांना नाही म्हणणे अवघड जाईल आणि हो म्हणण्यात त्यांचा मानही राखला जाईल. पत्राच्या दोन प्रती न्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला कुणी तयार झाले नाही, तर तेच पत्र त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि त्याची पावती पगारपत्रकांच्या संचात लावा.